शंभर रुपयांचा गेम, दीडशे जीबीचा पश्चात्ताप

सेल आटोपला की महिना-दीड महिन्याने या सदराकडे एकाच जातीची पत्रं येतात. स्वस्त दिसला म्हणून गेम घेतला, आणि आता डोक्याला हात. या वेळी सांगली-सातारा पट्ट्यातून आलेल्या पत्रांपैकी काही निवडली आहेत. सारख्या तक्रारी एकत्र केल्या आहेत.

प्रश्न : डिसेंबरच्या सेलमध्ये स्टीमवर (संगणकाचे गेम विकणारं ऑनलाइन दुकान) सात गेम घेतले, सगळे मिळून साधारण १,९०० रुपये. ७५-८० टक्के सूट दिसत होती म्हणून घेत गेलो. परीक्षा संपल्यावर आता उघडले, तर दोन चालूच होत नाहीत आणि एक भयंकर रटाळ निघाला. पैसे परत मिळतील का?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, विश्रामबाग, सांगली

बहुतेक नाही. स्टीमच्या रिफंडला दोन अटी आहेत आणि दोन्ही एकदम पाळाव्या लागतात: खरेदीपासून १४ दिवसांच्या आत मागणी, आणि गेम २ तासांपेक्षा कमी खेळलेला. तुम्ही जेमतेम वीस मिनिटं खेळला असाल, पण १४ दिवस कधीच उलटून गेले. तरी चालूच न होणाऱ्या दोन गेमसाठी मागणी नोंदवून बघा. अटीत न बसणारी मागणीही स्टीमवाले वाचतात, देतीलच असं नाही. 'हेल्प' मेनूतून 'स्टीम सपोर्ट', तिथे 'पर्चेसेस', मग तो गेम, मग रिफंडचा पर्याय. कारणाच्या चौकटीत 'आवडला नाही' लिहू नका. विंडोजची आवृत्ती, ग्राफिक्स कार्ड आणि पडद्यावर दिसलेली चूक जशीच्या तशी लिहा. मंजूर झालं तर पैसे साधारण आठवड्यात ज्या मार्गाने भरले त्याच मार्गाने किंवा स्टीम वॉलेटमध्ये येतात.

तुमच्या यादीतली खरी चूक १,९०० रुपयांची नाही. सेलमध्ये आपण 'पुढे कधीतरी खेळू' म्हणून घेतो, आणि १४ दिवसांचं घड्याळ मात्र पैसे भरताक्षणी चालू होतं. गेम कपाटात पडून राहिला की रिफंडचा हक्कही तिथेच मरतो. महाग गेम माणूस त्याच रात्री उघडतो, त्यामुळे तो खराब निघाला तर परत तरी जातो. शंभराचा गेम परत जात नाही.

यावर उपाय आहे आणि तो फारसं कुणी करत नाही. स्टीमच्या मोठ्या सेलमध्ये गेमची सूट सहसा पहिल्या दिवशी असते तीच शेवटच्या दिवशी. तासातासाला भाव बदलणारे जुने 'फ्लॅश सेल' २०१५ नंतर बंद झाले. म्हणजे पहिल्या रात्री सात गेम उचलायची घाई कुणी लावलेली नाही. एक घ्या, दीड तास तपासा, ठेवायचा की परत करायचा ते ठरवा, मग दुसरा. उन्हाळी आणि हिवाळी सेल साधारण दोन आठवडे चालतात, तेवढ्यात चार-पाच गेम आरामात पारखून होतात.

तपासायचं कसं, तेही सांगतो. स्टीमच्या सेटिंगमध्ये 'इन-गेम' भागात फ्रेम मोजणारा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं उमटतात ते दाखवणारा आकडा चालू करा. गेममध्ये शिरल्यावर ग्राफिक्स 'मीडियम'ला आणा. सुरुवातीचे प्रसंग बहुधा बंदिस्त खोल्यांत, बोळांत असतात आणि तिथे कोणताही गेम गुळगुळीत पळतो. मोकळं गाव, पाऊस, दहा-बारा शत्रू एकत्र आले की खरा आकडा दिसतो, तिथवर पोचा. मध्येच क्षणभर अडखळत असेल तर पहिल्या दहा मिनिटांत निर्णय घेऊ नका. अनेक नवे गेम सुरुवातीला शेडर (प्रकाश-सावली रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) तयार करत असतात आणि ते झालं की अडखळणं कमी होतं. पण हा वेळही तुमच्या २ तासांत मोजला जातो. गेमसोबत येणारा वेगळा लाँचर उघडा ठेवून जेवायला गेलात, तर तोही. आणि पात्राच्या नाकाची लांबी ठरवण्यात पाऊण तास घालवू नका.

सूट खरी की दिखाऊ, हे स्टीमडीबी या स्टीमच्या भावांची नोंद ठेवणाऱ्या संकेतस्थळावर गेमचं नाव टाकून बघा. रुपयांतला जुना भाव आलेखात दिसतो. स्टीमवर किंमत वाढवली की पुढचे ३० दिवस सूट देता येत नाही, त्यामुळे आदल्या दिवशी भाव फुगवून दुसऱ्या दिवशी 'निम्म्या किमतीत' ही आपल्याकडच्या दिवाळी सेलची युक्ती तिथे सहज चालत नाही. पण ७५ टक्के सूट 'आजच' आहे हा समजही तितकाच खोटा. आलेखात तोच तळ वर्षातून तीन-चार वेळा दिसतो.

अभिप्राय वाचताना एकूण शेरा बाजूला ठेवा आणि 'रीसेंट', म्हणजे अलीकडचे, वाचा. 'मिक्स्ड' याचा अर्थ ४० ते ६९ टक्के लोकांना आवडला, म्हणजे दहातले सहा नाराज असले तरी शेरा तोच. किती तास खेळलेल्यांचे अभिप्राय दाखवायचे ते निवडता येतं. तिथे कमी तासवाल्यांचे आधी वाचा. गेम चालूच न झालेले लोक तिथे भेटतात.

जाता जाता: जीओजी या दुकानात गेम डाउनलोड करून, खेळूनही ३० दिवसांत परत करता येतो. विसरभोळ्यांनी तिकडे घ्यावं.

प्रश्न : मुलाने हट्ट केला म्हणून 'रेड डेड रिडेम्प्शन २' सवलतीत घेऊन दिला. लॅपटॉपमध्ये ८ जीबी रॅम आहे. घरी वायफाय नाही, मोबाइलच्या रोजच्या २ जीबीवर डाउनलोड लावला होता. आता मित्राकडून गेम आणून टाकला तर चित्र अक्षरशः थांबत थांबत चालतं. रॅम वाढवली तर चालेल का?
— एक पालक, कराड

आधी हिशेब. हा गेम १५० जीबीचा आहे. रोज २ जीबी म्हणजे ७५ दिवस. डाउनलोडचा वेळ 'खेळलेला वेळ' धरत नाहीत हे खरं, पण १४ दिवस तर चालूच राहतात. गेम पोचायच्या आधीच रिफंडची मुदत संपून दोन महिने झालेले असतात. मोठा गेम मोबाइल डेटावर विकत घेऊच नका. ४० एमबीपीएसचं साधं ब्रॉडबँड असेल तर हेच काम साडेआठ तासांत, एका रात्रीत होतं.

मित्राकडून आणण्याची वाट मात्र योग्य आहे, फक्त ती खरेदीच्या आधी वापरायची. स्टीमच्या 'स्टीमॲप्स'मधल्या 'कॉमन' फोल्डरातून गेमचं अख्खं फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यायचं, आपल्या लॅपटॉपवर त्याच जागी ठेवायचं, आणि मग स्टीममध्ये 'इन्स्टॉल' दाबायचं. फायली आधीच आहेत हे ओळखून स्टीम फक्त तपासणी करतं आणि राहिलेलं तेवढं उतरवतं. डिस्क आणून ठेवा, मग पैसे भरा, त्याच संध्याकाळी चालवून बघा.

आता रॅम. विंडोज आणि 'आर' ही बटणं एकत्र दाबून चौकटीत 'डीएक्सडायग' टाइप करा आणि 'डिस्प्ले'चा भाग उघडा. तिथे फक्त 'इंटेल यूएचडी' असं नाव असेल तर वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. या गेमची किमान अपेक्षा आहे जीटीएक्स ७७० हे ग्राफिक्स कार्ड आणि २ जीबी ग्राफिक्स मेमरी. ८ जीबी रॅम किमान यादीत बसते, म्हणून आकडा बघून पुष्कळ लोक फसतात. अडतंय ते ग्राफिक्सपाशी.

तरीही एक रिकामी खाच असेल तर दुसरी ८ जीबीची पट्टी वाया जाणार नाही. अंगभूत ग्राफिक्स लॅपटॉपचीच रॅम वापरतं, आणि एका पट्टीऐवजी दोन असल्या की त्याला दुप्पट रुंद वाट मिळते. लहान गेम त्याने जाणवण्याइतके सुधारतात. 'रेड डेड' नाही सुधारणार. त्या लॅपटॉपवर 'स्टारड्यू व्हॅली' (५०० एमबी जागा, २ जीबी रॅम) किंवा 'हॉलो नाइट' (९ जीबी जागा, ४ जीबी रॅम) सुरळीत चालतील आणि दोन्ही महिनोन्‌महिने पुरतील. शिवाय एपिक स्टोअरवर दर गुरुवारी रात्री नवा फुकट गेम येतो. तो नुसता खात्यात जमा करून ठेवता येतो, डाउनलोड लगेच करावा लागत नाही. हट्टाची धार त्याने बरीच बोथट होते.

प्रश्न : पीएस४ (सोनीचा प्लेस्टेशन ४) साठी गेमच्या जुन्या डिस्क घेतल्या. एकीवर ओरखडे आहेत. दुकानदार म्हणाला, पॉलिश करून आणा. कॉपी होताना ६० टक्क्यांच्या पुढे जात नाही. दुसरी 'सायबरपंक २०७७', ६०० रुपयांना. यूट्यूबवर दिसतो तसा गेम अजिबात नाही. डिस्क नकली आहे का?
— वाचक, पोवई नाका, सातारा

पॉलिशचा सल्ला सीडीच्या जमान्यातला आहे. सीडीत माहितीचा थर पृष्ठभागापासून जवळपास १.२ मिलिमीटर खोल असतो, डीव्हीडीत ०.६, आणि पीएस४ ज्या ब्लू-रे डिस्क वापरतो त्यांत फक्त ०.१ मिलिमीटर. वरच्या जाड थरातून थोडं घासून काढलं तरी सीडीचं बिघडत नसे. ब्लू-रेला घासायला थरच नाही. म्हणून तिच्यावर कठीण लेप दिलेला असतो, तो घासला की डिस्कच जाते. टूथपेस्ट तर नकोच. मऊ, कोरड्या मायक्रोफायबर कापडाने मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. बोटांचे डाग होते म्हणून अडत असेल तर चालेल. खरोखरचा ओरखडा असेल तर ती डिस्क परत करा.

६० टक्क्यांवर अडकण्याचं कारण सोपं. पीएस४ डिस्कवरचा गेम आधी हार्ड डिस्कवर उतरवून घेतो. ओरखडा ज्या जागी आहे तिथवर सगळं ठीक दिसतं. त्यामुळे दुकानात गेमचं चित्र आलं की 'चालतीये' म्हणून पैसे देण्यात अर्थ नाही. कॉपी शेवटापर्यंत जाईतो अर्धा-पाऊण तास बसा, चहा मागवा. दुकानदार एवढं थांबू देत नसेल तर 'कॉपी पूर्ण झाली नाही तर परत' हे बिलावर लिहून घ्या. डिस्क उजेडासमोर धरून मधल्या भोकाभोवती केसासारखी चीर आहे का तेही बघा. ती वाढतच जाते. आणि डबीवर अमेरिकेचा शिक्का असेल तर गेम चालेल, पण भारतीय खात्यावरून घेतलेला त्याचा डीएलसी (वेगळा विकत घ्यायचा जादा भाग) लागणार नाही. डिस्क आणि डीएलसी एकाच प्रदेशाचे लागतात.

'सायबरपंक'ची डिस्क नकली नाही. गेमच तसा होता. १० डिसेंबर २०२० ला तो आला तेव्हा पीएस४ वर त्याची इतकी वाईट अवस्था होती की आठवडाभरात सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला आणि लोकांचे पैसे परत केले. २०२१ च्या जूनमध्ये तो परत आला. यूट्यूबवर तुम्ही बघता तो सप्टेंबर २०२३ च्या २.० अपडेटनंतरचा गेम, आणि ते अपडेट पीएस५, नव्या एक्सबॉक्स आणि संगणकासाठी आलं, पीएस४ साठी नाही. पीएस४ ची गाडी १.६ च्या मालिकेवर थांबली. 'फँटम लिबर्टी' हा पुढचा भागही पीएस४ वर येत नाही. अपडेट केलं नसेल तर आधी ते करा, बराच फरक पडेल, पण व्हिडिओतला गेम येणार नाही.

डिस्क मात्र फेकू नका. पुढेमागे डिस्क ड्राइव्हवाला पीएस५ घेतलात तर हीच डिस्क घालून पीएस५ ची आवृत्ती फुकट उतरवता येते. बिनड्राइव्हचा 'डिजिटल' पीएस५ घेतलात तर या ६०० रुपयांची झाली चकती.

डेटा वाचवायला म्हणून डिस्क घेणाऱ्यांना एक इशारा. 'कॉल ऑफ ड्यूटी'च्या २०२२ च्या 'मॉडर्न वॉरफेअर २' च्या पीएस५ डिस्कवर शंभर एमबीसुद्धा माल नव्हता. बाकी सगळं इंटरनेटवरून. गेमच्या नावासोबत 'डिस्कवर किती जीबी' हे आधी शोधा.

आणि जुना कन्सोल घेताना, तो सांगली-कोल्हापूरकडून आला असेल तर, २०१९ किंवा २०२१ च्या पुरात न्हालेला नाही ना ते पाहा. मागच्या स्क्रूंच्या खाचेत तांबूस गंज, यूएसबीच्या खोबणीत वाळलेल्या गाळाची भुकटी, पंख्याच्या जाळीतून येणारा कुबट वास. पुसलेलं कवच चकचकीत असतं, स्क्रू खोटं बोलत नाहीत.

प्रश्न : टेलिग्रामवर १५० रुपयांत ४,००० चा गेम 'ऑफलाइन ॲक्टिव्हेशन'ने घेतला. महिनाभर चालला. विंडोज नव्याने टाकल्यावर लॉगिनला कोड मागतोय, विकणारा उत्तर देत नाही.
— मिरज

तुम्ही गेम घेतला नव्हता. एकाच माणसाच्या खात्याचा पासवर्ड तुमच्यासारख्या शंभरांना विकला होता. स्टीमच्या करारात खातं विकायला, दुसऱ्याला वापरू द्यायला मनाई आहे, त्यामुळे स्टीमकडे दाद मागता येत नाही. उलट खातं बंद होऊ शकतं. ज्या गेमवर डेनुवो नावाचं कुलूप असतं त्यात एका खात्यावरून दिवसभरात किती वेगळ्या संगणकांवर गेम उघडेल याला मर्यादा असते, म्हणून हे विक्रेते 'उद्या सकाळी ट्राय करा' म्हणत राहतात.

१५० गेले. पण त्या माणसाने 'सेटअप' म्हणून एखादी फाइल चालवायला लावली असेल किंवा विंडोजचा अँटिव्हायरस बंद करायला सांगितला असेल, तर मामला १५० चा नाही. दुसऱ्या फोनवरून आपल्या ईमेलचा आणि बँकेचा पासवर्ड आजच बदला. खात्यातून जास्तीची रक्कम गेली असेल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. पहिल्या काही तासांत पैसे रोखले जाण्याची शक्यता जास्त असते.

प्रश्न : 'बेस गेम' २४९ रुपयांत मिळाला. आता कळतंय की अर्धी मजा डीएलसीत आहे आणि ते सगळे घेतले तर तीन हजार होतात.
— इस्लामपूर

चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला. 'द सिम्स ४' चा मूळ गेम तर ऑक्टोबर २०२२ पासून फुकटच वाटतात, सगळा धंदा मसाल्यावर. घेण्याआधी गेमच्या पानावर खाली जाऊन डीएलसीची यादी आणि त्यांची सेलमधली बेरीज बघा. 'कम्प्लीट' आवृत्ती असेल तर तिचा भाव बहुधा बेस आणि एका डीएलसीच्या बेरजेएवढाच निघतो. 'विचर ३' च्या अशा आवृत्तीत दोन्ही मोठे भाग येतात. तुमचे १४ दिवस आणि २ तास शिल्लक असतील तर बेस परत करा आणि पुढच्या सेलमध्ये पूर्ण आवृत्ती घ्या. हा गैरवापर धरत नाहीत. गेम घेतल्यावर लगेच सूट लागली तर परत करून सवलतीच्या भावात घ्यायलाही स्टीमची हरकत नाही.

प्रश्न : ९० टक्के सूट होती म्हणून ऑनलाइन शर्यतीचा गेम घेतला. खेळायला कुणी सापडतच नाही. असे गेम ओळखायचे कसे?
— वाई

स्टीमडीबीवर त्या गेममध्ये 'आत्ता' किती लोक आहेत तो आकडा रात्री ९ ते ११ मध्ये बघा. जगभर मिळून दोन-तीनशे असतील तर भारताच्या वेळेला, तुमच्या मोडमध्ये, दहा माणसं जमणार नाहीत. मुंबई किंवा सिंगापूरचा सर्व्हर आहे का ते पाहा. युरोपच्या सर्व्हरवर पिंग (संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ) शंभर मिलिसेकंदांच्या वर जातो आणि शर्यतीत समोरची गाडी उड्या मारत पळताना दिसते.

त्याहून वाईट म्हणजे सर्व्हर बंद होणं. 'द क्रू' हा २०१४ चा शर्यतीचा गेम ३१ मार्च २०२४ ला बंद झाला. एकट्याने खेळायचा भागही सर्व्हरवरच चालत असल्याने डिस्क विकत घेतलेल्यांच्या हातीही काही उरलं नाही. गेमच्या पानावर 'सतत इंटरनेट आवश्यक' असेल आणि वर ९० टक्के सूट असेल, तर घेण्याआधी त्या कंपनीने सर्व्हर बंद करण्याची तारीख दिली आहे का, एवढं शोधा.

प्रश्न : भाच्याच्या वाढदिवसाला टीव्हीला लावायची 'गेम स्टिक' ऑनलाइन मागवली. '४के, १०,००० गेम' असं लिहिलं होतं. तेच तेच गेम पुन्हा पुन्हा येतात, मध्येच बंद पडते, आणि तीन आठवड्यांत कार्डच वाचेनासं झालं. विकणारा म्हणतो, परत घेण्याची मुदत संपली.
— एक मावशी, तासगाव

त्या दहा हजारांत 'मारिओ' पन्नास नावांनी असतो. निन्टेंडोच्या जुन्या यंत्राचे अमेरिकेत अधिकृत निघालेले गेम सातशेच्या घरात होते. बाकी भरती नावं बदलून आणि इतर जुन्या यंत्रांचे गेम ओतून केलेली, तीही जवळपास सगळी विनापरवाना. मूळ मारिओ ४० किलोबाइटचा आणि त्याचं चित्र २५६ बाय २४० ठिपक्यांचं. ते ताणून मोठ्या पडद्यावर पसरलं, त्याला '४के' म्हणतात.

मध्येच बंद पडण्याचं कारण बहुधा वीज. टीव्हीच्या यूएसबी खाचेतून साधारण अर्धा अँपिअर मिळतो, तो पुरत नाही. मोबाइलचा ५ व्होल्ट, १ अँपिअरचा चार्जर लावून बघा. रिमोटमधले पेन्सिल सेल नवे घाला आणि टीव्ही 'गेम मोड'वर ठेवा. उशिरा उडी मारणारा मारिओ बराच सुधारेल.

कार्ड मेलं हे अपेक्षितच. स्टिकमध्ये मिळणारी कार्डं सगळ्यात हलक्या मालातली, आणि कित्येकदा ६४ जीबी छापलेलं कार्ड आत बरंच लहान असतं. 'एच२टेस्टडब्ल्यू' नावाचा फुकटचा प्रोग्रॅम खरी क्षमता मोजतो. तो कार्डावर माहिती भरून परत वाचतो, म्हणून फक्त रिकाम्या कार्डावर चालवायचा.

आता तक्रार. परत घेण्याची मुदत आणि खोटी जाहिरात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'मुदत संपली' हे उत्तर, वस्तू आवडली नाही म्हणून परत करणाऱ्याला लागू पडतं. विक्रेत्याच्या पानाचे '४के, १०,००० गेम' दिसतील असे स्क्रीनशॉट काढा, स्टिकमध्ये एकच गेम वेगवेगळ्या नावांनी उघडतो याचा दोन मिनिटांचा सलग व्हिडिओ काढा, बिल जोडा आणि ज्या संकेतस्थळावरून घेतली त्याच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. तिथे हललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, मराठीतही बोलता येतं. त्यापुढे सांगलीचा जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या मालाला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. व्हिडिओ मात्र कार्ड चालू असतानाचा लागेल. आता ते मेलंय, तर भाच्याच्या फोनमध्ये वाढदिवसाच्या दिवशी काढलेलं काही सापडतं का बघा. मुलं असं शूट करतातच.